नेबॉश आयजीसी की एडीआयएस : परीक्षा बदलल्यानंतरचा हिशेब

सेफ्टीत यायचं ठरवलेल्या मुलांचा एक प्रश्न हमखास असतो: आधी आयजीसी करू की एडीआयएस? आयजीसी म्हणजे नेबॉश या ब्रिटिश संस्थेचं कामाच्या जागच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट आणि एडीआयएस म्हणजे आपल्याकडची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका. दोन्हींत कोणते विषय आहेत, किती फी आहे, हे एव्हाना तुम्ही शोधलेलं असणारच, त्यामुळे तिकडे वळत नाही. मी एडीआयएस आधी केलं आणि आयजीसी नंतर, नव्या पद्धतीने. तेव्हा दोन्हींबद्दल अनुभवाने थोडंफार बोलू शकतो.

आयजीसीचं रूप बरंच पालटलं आहे. पूर्वी दोन लेखी पेपर असायचे, एक व्यवस्थापनाचा आणि दुसरा धोके व त्यांच्या नियंत्रणाचा, शिवाय प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल. 2018 च्या अभ्यासक्रमात आयजी1 (व्यवस्थापनाची लेखी परीक्षा) आणि आयजी2 (एका खऱ्या जागेचं रिस्क असेसमेंट, म्हणजे तिथले धोके शोधून त्यांवर उपाय सुचवणारा अहवाल) ही दोनच युनिट राहिली. पुढे 2020 मध्ये, कोविडच्या काळात, आयजी1 ची परीक्षा ओपन बुक झाली. प्रश्नपत्रिका हातात आली की उत्तरं द्यायला 24 तास, पुस्तकं समोर उघडी आणि नंतर तुमची उत्तरं तुम्हीच लिहिलीत ना, हे पडताळायला क्लोजिंग इंटरव्ह्यू.

‘पुस्तक उघडं ठेवून कसली परीक्षा’ असं आमच्या क्षेत्रातली जुनी मंडळी म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. एका कल्पित कंपनीचा प्रसंग देतात आणि त्यातलेच पुरावे काढून उत्तर मागतात. व्यवस्थापकाने अपघाताची नोंद का टाळली, कंत्राटी कामगारांना कामाआधी माहिती दिली होती का, हे त्या दोन-तीन पानांतून वेचून काढावं लागतं. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उतरवला तर गुण मिळत नाहीत. अपघाताच्या चौकशीत नेमकं हेच करावं लागतं. एडीआयएसच्या परीक्षेत मात्र बराच जोर कलमं आणि नियम लक्षात ठेवण्यावर जातो. या बाबतीत आयजीसी उजवं, हे मोकळेपणाने मान्य करतो.

आयजी2 मध्येही एक भाग फार चांगला आहे. सगळ्या उपायांतून तीन तातडीचे निवडायचे आणि ते का करायचे, हे नैतिक, कायदेशीर आणि आर्थिक अशा तिन्ही बाजूंनी मांडायचं. प्लँट हेडसमोर बजेट मागायला उभं राहिल्यावर हीच मांडणी उपयोगी पडते. एडीआयएसमध्ये मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग माझं पारडं फिरलं कुठे? याच आयजी2 मध्ये. धोक्यांचा लेखी पेपर गेल्यापासून यंत्रं, वीज, आग, रसायनं, उंचीवरचं काम हा सगळा भाग एका रिस्क असेसमेंटवर तपासला जातो. निदान दहा धोके शोधायचे, ते निदान पाच प्रकारांतले हवेत. पण जागा निवडणार तुम्ही आणि धोकेही तुम्हीच.

एका सहकाऱ्याचा आयजी2 मी सबंध वाचला आहे. ऑफिस आणि लगतचं स्टोअर त्याने निवडलं होतं. जमिनीवरून गेलेली एक्स्टेन्शनची वायर, उचलायची जड खोकी, सलग स्क्रीनसमोरचं काम, फायर एक्झिटसमोर रचलेले पुठ्ठे. काम प्रामाणिक होतं, अहवाल नेटका होता, पासही झाला. पण त्याच भिंतीपलीकडे पॉवर प्रेसची, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांची, लाइन होती आणि तिचा अहवालात उल्लेखही नव्हता. प्रेसला दोन बटणं अशासाठी असतात की डाय (साचा) खाली येताना कामगाराचे दोन्ही हात बाहेर अडकलेले राहावेत. उत्पादनाची घाई असली की एक बटण वायरने किंवा टेपने दाबून बांधलं जातं आणि मोकळा हात पुन्हा डायखाली जातो. असं बांधून ठेवलेलं बटण ओळखायचं कसं, नुसत्या टू-हँड कंट्रोलवर का थांबायचं नाही, लाइट कर्टन (हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) डायपासून किती लांब हवं, हे त्या पास झालेल्या मुलाला कुणी कधी विचारलंच नाही.

मला हे खटकलं आणि अजूनही खटकतं. कारखान्यात रुजू झाल्यावर कुठल्या धोक्याला तोंड द्यायचं, हे आपण ठरवत नसतो. पहिल्याच आठवड्यात टाकीत उतरण्याचं परमिट सहीसाठी पुढे येऊ शकतं. त्या वेळी आतला ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर माणूस उतरवायचा नाही, हे आधीच पक्कं ठाऊक हवं. एडीआयएसमध्ये आवडो न आवडो, प्रेस, टाकी, परांची, बॉयलर, सगळ्याला सामोरं जावं लागतं. पाठांतराचा कंटाळा येतो, पण यातून सुटका नसते, हीच मला एडीआयएसची मोठी बाजू वाटते.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. आयजीसीचा पाया आयएलओचं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं) 1981 चं 155 क्रमांकाचं कन्व्हेन्शन आहे, त्यात आपला कायदा येत नाही. कारखान्यातल्या वैधानिक सेफ्टी ऑफिसरच्या पदाला राज्य सरकारमान्य औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका लागते. नुसत्या आयजीसीवर ते पद मिळत नाही. 1948 च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये ते पद हजार किंवा जास्त कामगार असतील तरच भरण्याची अट होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या ओएसएच कोडमध्ये (कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य यांच्या नव्या कायद्यात) ती 500 वर आली आहे, धोकादायक कारखान्यांना 250. म्हणजे या पदवी-पदविकांची गरज वाढणार, असं मला वाटतं.

आखातात जायचं पक्कं असेल तर आयजीसी आधी करा, तिथे तेच विचारतात. इंजिनिअरिंगची पदवी वा डिप्लोमा नसेल तरीही तोच रस्ता सोपा, कारण त्याला प्रवेशाची तशी अट नाही. पण इथल्याच कारखान्यात काम करायचं असेल आणि वर्षभराचा वेळ काढता येत असेल, तर मी एडीआयएस आधी करायला सांगेन आणि आयजीसी दोनेक वर्षं नोकरी झाल्यावर. तेव्हा आयजी2 साठी स्टोअर निवडू नका. प्लँट हेडची परवानगी काढून प्रेस शॉप घ्या, रात्रपाळीतही एक फेरी मारा आणि बांधलेलं बटण दिसलं तर अहवालात पहिल्या क्रमांकावर तेच लिहा.