स्वशिक्षित चित्रकाराकडून घेतलेले मिश्र माध्यमातील चित्र: आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

एका स्वशिक्षित चित्रकाराकडून थेट विकत घेतलेले मिश्र माध्यमातील, म्हणजे रंगांसोबत इतर वस्तूही चिकटवून केलेले, चित्र गेले आठ महिने माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. पसंती छायाचित्रावरून कळवली होती. पण अशा कामाचे छायाचित्र फसवे असते, हे पार्सल उघडताच उमगले. छायाचित्रात सपाट तपकिरी दिसलेला पट्टा म्हणजे प्रत्यक्षात सुतळीचे उसवलेले पेड होते आणि संध्याकाळी बाजूने उजेड पडला की प्रत्येक पेडाची बारीक सावली कॅनव्हासवर उमटते.

पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चित्रात चिकटवले, तेव्हापासून चिकटवण्याचे नवल उरलेले नाही. चिकटवलेली वस्तू तिथे कशासाठी आहे, एवढेच पाहायचे. इथे गंजक्या पत्र्याच्या तुकड्याखालच्या कागदावर गंजाचा ओघळ उतरला आहे आणि चित्रकाराने तोच ओघळ कुंचल्याने असा पुढे नेला आहे की गंज कुठे संपतो आणि रंग कुठे सुरू होतो, ते मला अजूनही सांगता येत नाही. केवळ या चार बोटे जागेसाठीही मी हे चित्र घेतले असते.

तक्रार आहे ती साहित्याच्या जाणकारीबद्दल. वर्तमानपत्राच्या कागदातील लिग्निन या लाकडातून आलेल्या घटकामुळे तो उजेडात पिवळा पडतो, आणि इथले उघडे कपटे पडलेही आहेत. मजकुराची प्रत आम्लरहित कागदावर काढून वापरली असती तर हे टळले असते. त्याहून गंभीर चूक डाव्या कोपऱ्यात होती. तिथे तैलरंगावर ॲक्रिलिकचा पांढरा हात दिलेला होता. ॲक्रिलिकवर तैलरंग धरतो, उलटे केल्यास थर टिकत नाही, आणि सहाव्या महिन्यात तिथले पोपडे निघू लागले. (कलाशाळेत शिकलेल्यांच्या हातूनही ही चूक होते, हे मान्य.) चित्रकाराने मात्र सबबी न सांगता चित्र परत मागवले, तो भाग खरवडून नव्याने रंगवला आणि कोणत्या थरात काय वापरले आहे याची यादी मागील बाजूस लिहून दिली. ती यादी खरेदीच्या वेळीच मिळायला हवी होती.

चौकट करताना काच पृष्ठभागाला टेकणार नाही एवढी पोकळी सोडून घ्यावी लागली. दुरुस्त कोपऱ्यातला पांढरा रंग जुन्यापेक्षा किंचित थंड दिसतो. तो जुळवून देण्याची तयारी चित्रकाराने दाखवली होती, मीच नको म्हटले.