झूम, मीट की जित्सी? शिकवणीच्या दारावरून निवड

सातवीचा बीजगणिताचा ऑनलाइन तास. वर्गातली एक मुलगी कॅमेरा लावून समोर बसलेली आणि तिच्याच नावाने आणखी कुणीतरी आत, कॅमेरा बंद. माझ्या लक्षातही आलं नाही. ‘मॅडम, ती दुसरी मी नाहीये’ असं तिनेच सांगितलं. लिंक वर्गातल्याच कुणीतरी गंमत म्हणून फॉरवर्ड केली होती. तेव्हापासून ॲप निवडताना मी एन्क्रिप्शनच्या (बोलणं सांकेतिक करून गुप्त ठेवण्याच्या) आधी दार बघते, म्हणजे आत कोण कसं येतं ते.

झूमचं नाव खराब झालं ते दारावरूनच, अनोळखी लोक मीटिंगमध्ये घुसायचे. एप्रिल २०२०मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानेही झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली होती. त्याच महिन्यात मोफत खात्यांवर पासकोड आणि वेटिंग रूम (होस्ट आत घेईपर्यंत थांबायची जागा) आपोआप चालू राहू लागले, ऑक्टोबरमध्ये खरं एंड-टू-एंड एन्क्रिप्शनही आलं, म्हणजे मधल्या कंपनीलाही बोलणं उघडता येत नाही असं. (आधी ते आहे असं कंपनी नुसतंच सांगत होती.) आज होस्टच्या हातात बरंच काही आहे: मीटिंगला कुलूप लावणं, नाव बदलायला बंदी, स्क्रीन शेअर फक्त स्वतःकडे ठेवणं, आणि गोंधळ उडालाच तर सगळ्यांचे आवाज, कॅमेरे, चॅट एका फटक्यात थांबवणं. अडचण एकच, मोफत खात्यावर ४० मिनिटांनी तास तुटतो.

गूगल मीट तीन किंवा जास्त जणांना ६० मिनिटं देतं. कोड दहा अक्षरांचा, अंदाजाने लागणं जवळपास अशक्य. शाळेने मुलांना शाळेची गूगल खाती दिली असतील तर मग शोधाशोध नकोच, मीटच घ्या: गूगल क्लासरूम या शाळांसाठीच्या ॲपमधल्या लिंकवर शिक्षक येण्याआधी मुलांना मीटिंग सुरू करता येत नाही. घरगुती शिकवणीत मात्र मीट वेगळंच वागतं. तेरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं गूगल खातं पालकांच्या देखरेखीखालीच मिळतं, त्यामुळे बहुतेक पोरं बाबांच्या फोनवरून येतात आणि दारात बाबांचं पूर्ण नाव दिसतं, आडनावासकट. पंधरा बाबांमधून पंधरा मुलं ओळखायची कशी? आणि ते नाव सगळ्या वर्गाला का दिसावं? शिवाय प्रवेशाचा पर्याय ‘ओपन’वर राहिला, तर लिंक असलेला कुणीही न विचारता आत येतो.

झूमवर येताना नाव टाकता येतं. तोतया शिरला तो याच वाटेने, हे खरं. (आणि सूचना दिली नाही तर निम्मी मुलं ‘रेडमी’ नावाने येतात.) म्हणून मी हजेरी क्रमांक आणि पहिलं नाव इतकंच लिहायला लावते, कागदावरच्या यादीशी ताडून एकेकाला आत घेते, मग नाव बदलणं बंद आणि पाच मिनिटांनी कुलूप. उशिरा येणाऱ्याने पालकांकरवी फोन करायचा. कटकट आहे, पण चालते.

जित्सी मुक्तस्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), मुलांना खातं लागत नाही, ही मोठी जमेची बाजू. ऑगस्ट २०२३पासून त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर खोली उघडणाऱ्याला मात्र लॉगिन करावं लागतं. खोलीचं नाव आपणच ठेवायचं असतं आणि ‘सातवी-गणित’ असं ठेवलंत तर ते कुणालाही सुचेल. ओळखीत जित्सीचा स्वतंत्र सर्व्हर सांभाळणारं कुणी असेल तरच या वाटेला जा.

व्हॉट्सॲपवर ३२ जणांचा व्हिडिओ कॉल होतो, तोही पूर्ण एन्क्रिप्टेड. पण ग्रुप केला की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाकडे जातो. पंधरा वर्षांच्या मुलींचे नंबर असे वाटायला मी तयार नाही. सूचनांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट पुरते, तिच्यात कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. फक्त पालकांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा.

रेकॉर्डिंगवरून निवड करू नका. मोफत मीटमध्ये ते नाही, मोफत झूममध्ये लॅपटॉपवर होतं. पण समोर दुसरा मोबाइल धरून कुणी चित्रण केलं तर कुठलंच ॲप अडवू शकत नाही. मी फक्त फळा आणि माझा आवाज रेकॉर्ड करते, तोही मुलं गेल्यावर. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. तेव्हा मुलांचे चेहरे साठवण्याची भानगड नकोच.

तर घरगुती शिकवणीला माझं मत झूमला. ४० मिनिटांनी तुटल्यावर दहा मिनिटं पाणी प्यायला सोडते आणि पुन्हा यादी हातात घेऊन दारात बसते.