बिल्ल्याचं मशीन : आठ महिन्यांनंतर

अमळनेरला माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं छोटं दुकान आहे. आषाढात ५८ मिमीचं हाताने दाबायचं बटन बॅज मशीन घेतलं. आमचं गिऱ्हाईक त्याला बिल्लाच म्हणतं. मशीनबद्दल तक्रार नाही. एका साच्यात पत्र्याची वाटी, तिच्यावर कागद, वर पारदर्शक फिल्म, दांडा दाबा. मग दुसऱ्या साच्यात पिनवाली पाठ ठेवून पुन्हा दाबा. वीज लागत नाही, म्हणजे लाइट गेली तरी काम चालू.

रडवलं ते डिझाइनने.

पहिली ऑर्डर गणेश मंडळाची. मी ५८ मिमीचाच गोल कापला, कारण बिल्ला ५८चा! कागद वाटीवरून खाली वळतच नव्हता, सगळीकडे पत्रा उघडा. कापायचा असतो ७० मिमी. कडेचं सहा मिमी दुमडून मागे जातं. म्हणजे चित्रामागचा रंग थेट ७०पर्यंत पसरवायचा आणि अक्षरं-चेहरे मधल्या ५० मिमीतच ठेवायचे. हे कळेपर्यंत वीसेक वाट्या वाया.

वर मंडळाला अध्यक्षांपासून खजिनदारापर्यंत अकरा फोटो हवे होते. फ्लेक्सची सवय, दुसरं काय. मी छापून दाखवले: एकेक तोंड हरभऱ्याएवढं. मग एकच मोठा गणपती आणि खाली ‘कार्यकर्ता’ यावर तह झाला. तरी पहिले काही गणपती शर्टावर तिरके बसले, कारण पिन आडवी आहे की नाही हे दाबण्याआधी मी बघितलंच नव्हतं. आता वाटीच्या मागे मार्करने खूण करतो.

मराठीची अडचण वेगळीच. इंग्रजी नाव कडेने गोल फिरवलं की छान दिसतं. देवनागरीत मात्र शिरोरेषेचे तुकडे पडतात, आणि जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. मी सरळ ओळीतच लिहितो, जाड टाइपात, जास्तीत जास्त तीन शब्द. रंगांचंही तसंच. केळीवाल्या मित्रासाठी पांढऱ्यावर पिवळा घड काढला, तो हातभरावरून दिसेना. मागे केळीच्या पानाचा गडद हिरवा घातला तेव्हा कुठे उठला.

कागद साधा १०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपासचा बरा. हौसेने जाड फोटो पेपर घातला तर दांडा अर्ध्यावर अडतो. इंकजेटची शाई पावसात पसरली, म्हणून आता लेझर प्रिंट. फिल्म एकावेळी एकच उचला. दोन चिकटलेल्या असतात आणि मग बिल्ला बंदच होत नाही. प्लास्टिकच्या पाठीही मी सोडल्या, त्यांच्या पिना सैल होतात.

सगळ्यात जास्त खपला तो गिऱ्हाइकाने न मागितलेला बिल्ला: पिवळ्यावर काळ्या अक्षरांत ‘कथा चालना भो?’, म्हणजे आमच्या अहिराणीत ‘कुठे चाललास भाऊ?’. काउंटरवर सहज दहा ठेवले होते. कॉलेजची पोरं संध्याकाळपर्यंत घेऊन गेली, एक पुण्याला नोकरीला जाणारा तर पाच घेऊन गेला.