आउटपुट जॅकचं ग्राउंड: चॅसीतून की स्वतंत्र वायरने?

ट्यूब अँप (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर) बांधताना स्पीकरच्या जॅकसाठी दोन वाटा असतात. जुन्या फेंडर अँपमधल्यासारखा उघडा धातूचा जॅक लावला, की नट आवळताच त्याची स्लीव्ह (जॅकचा ग्राउंडकडचा संपर्क) चॅसीला, म्हणजे अँपच्या धातूच्या सांगाड्याला, जोडली जाते. काम झटपट होतं. पण ग्राउंडची सगळी भिस्त त्या एका नटावर राहते. केबल ओढून-ओढून नट सैल झाला किंवा खाली गंज धरला, की संपर्क डळमळतो. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलट्या दिशेने मागे देणं) आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीतून, म्हणजे स्पीकरकडच्या गुंडाळीतून, घेतलेला असेल, तर त्याचा संदर्भच सुटतो आणि आवाज बिघडतो.

दुसरी वाट म्हणजे प्लास्टिक बुशचा जॅक, जो चॅसीपासून इन्सुलेटेड राहतो. ट्रान्सफॉर्मरची कॉमन वायर (सेकंडरीचं ग्राउंडकडचं टोक) थेट स्लीव्हवर सोल्डर करायची आणि तिथून एकच वायर पॉवर ट्यूबांच्या ग्राउंडकडे न्यायची. ५० वॉटला ८ ओहमच्या स्पीकरमधून सुमारे अडीच अँपिअर प्रवाह वाहतो. तो जॅक आणि सेकंडरी यांच्यातच फिरावा, चॅसीत भटकू नये. मी हीच पद्धत वापरतो.

मात्र जॅक इन्सुलेटेड आहे म्हणून ती ग्राउंडची वायर गाळू नका! ट्रान्सफॉर्मरचं आतलं इन्सुलेशन फुटलं, तर प्रायमरीवरचे (ट्यूबांकडच्या गुंडाळीवरचे) चारशेहून जास्त व्होल्ट स्पीकरच्या केबलवर येऊ शकतात. ग्राउंड असेल तर फ्यूज उडतो.

धातूच्या जॅकची एक गोष्ट मला मनापासून आवडते: फेंडरच्या शॉर्टिंग जॅकमध्ये प्लग नसताना आउटपुट शॉर्ट राहतं आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. स्विच असलेला प्लास्टिक जॅक घेतला, तर तीच सोय करता येते.