घरी जुळवलेला ऑप्टिकल कॉम्प्रेसर: आठ महिन्यांनंतर

रामनवमीच्या आठवडाभर आधी हा कॉम्प्रेसरचा डबा, म्हणजे मोठा झालेला आवाज आपोआप दाबणारं यंत्र, वापरात आला, आता कार्तिकी तोंडावर आलीय. पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच करतो. खोली लहान, माईक एकच, तो बुवांसमोर. पखवाज आणि टाळ त्यात शिरतातच. तयार ऑप्टिकल कॉम्प्रेसर खिशाला झेपणारा नव्हता, म्हणून एम. जी. रोडवरून एलडीआर (उजेड पडला की रोध घटणारा रेझिस्टर), एलईडी, टीएल०७२ (दोन अ‍ॅम्प्लिफायर असलेली चिप) असं सटरफटर आणून स्वतःच जुळवला. तत्त्व साठच्या दशकातल्या टेलेट्रॉनिक्स एलए-२ए या कॉम्प्रेसरचं: आवाज वाढला की दिवा उजळतो, समोरच्या एलडीआरचा रोध घटतो, आवाज दबतो. माझ्याकडे १०० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि एलडीआर ग्राउंडला.

दाबतो झकास. रडगाणं होतं ते टोनचं. पहिलं रेकॉर्डिंग ऐकून बुवा म्हणाले, "अरे, गोधडीत तोंड घालून गायलोय का मी?" मी ट्रेबल वाढवला. मग तान वर गेली की कानाला बोचायचं आणि अभंग हळू झाला की परत गोधडी. हे महिनाभर चाललं.

घोळ वायरीत होता. डब्यापासून मिक्सरच्या गिटार इनपुटपर्यंत दीड मीटर शील्डेड वायर, तिची स्वतःची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. म्हणजे १०० किलोओहमपुढे १५० पिकोफॅरड, आणि १०-११ किलोहर्ट्झपासूनच वरच्या फ्रिक्वेन्सींना उतार. गंमत अशी की हे फक्त आवाज दबलेला नसताना. दाबायला लागला की एलडीआरचा रोध खाली येतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी परत येतात. टोन आवाजाबरोबर हलत असेल तर इक्वलायझरने काय होणार? एलडीआरच्या पायांपासून बोटभर अंतरावर टीएल०७२चा अर्धा भाग बफर म्हणून, म्हणजे वायरीचा भार एलडीआरवर येऊ नये म्हणून, लावला आणि गोधडी गेली. ट्रेबल परत सरळ केला.

मग पखवाज. डाव्या बाजूला कणीक ताजी असली की प्रत्येक 'धा'ला बुवांचा आवाज दचकून खाली बसायचा. ऐकू येणाऱ्या आवाजाला हात न लावता फक्त एलईडीकडे जाणाऱ्या वाटेत, म्हणजे साइडचेनमध्ये, बदल केला. तिथे १ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम होते, म्हणजे १६ हर्ट्झपासून सगळंच दिव्यापर्यंत जायचं. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड केला: आता १५९ हर्ट्झ, आणि ८० हर्ट्झला दिव्याला सुमारे ७ डेसिबल कमी ऐकू येतं. रेकॉर्डिंगमधला पखवाज मात्र तेवढाच भरदार. हावरटपणा करून ४७ नॅनोफॅरडही लावून पाहिला (३४० हर्ट्झच्या आसपास), पण मग बुवांचा मंद्र सप्तकही दिव्याला दिसेना आणि खालचे सूर अंगावर यायला लागले. ०.१वरच थांबलो.

एलए-२एमध्ये आर३७ नावाचा एक प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलायचा छोटा रेझिस्टर, आहे. तो फिरवला की १ किलोहर्ट्झच्या वरचा भाग जास्त दाबला जातो. एफएम प्रसारणासाठी ती सोय कामाची. वाचून मीही साइडचेनच्या रेझिस्टरला समांतर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि तसाच फिरवायचा एक पॉट लावला, 'स', 'श' मऊ होतील म्हणून. एकट्या आवाजावर झालेही. भजनात मात्र टाळ वाजला की बुवा गायब. चार टाळकऱ्यांपुढे एका गळ्याचं काय चालणार! तो पॉट आता कायम शून्यावर, त्यावर नेलपॉलिशचा थेंब.

वैशाखात दुपारी आवाज उगाच लहान यायचा, रात्री ठीक. दोन दिवस सोल्डर तपासले. खिडकीतलं ऊन एलडीआर-एलईडीवर चढवलेल्या हीटश्रिंक नळीच्या उघड्या टोकातून एलडीआरवर पडत होतं, कारण डब्याचं झाकण मीच काढून ठेवलं होतं. काळी टेप गुंडाळली.

उरलेली तक्रार एकच. एलडीआर आधीचा उजेड लक्षात ठेवतो, त्यामुळे बराच वेळ दाबून ठेवल्यावर आवाज सावकाश वर येतो. पहिला अभंग आणि पाचवा अभंग यांत फरक जाणवतो. बुवांना तो आवडतो, मला नाही. स्टीरिओसाठी दुसरा चॅनल अर्धवट पडलाय. दहा एलडीआर मोजले, दोन सारखे अजून मिळाले नाहीत.