आत्यांची एअर बेड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आत्या (आमच्याकडे सासूबाईंना आत्याच म्हणतात) 78 वर्षांच्या. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. अठरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आणलं. पहिल्याच दिवशी अंग पुसताना माकडहाडापाशी रुपयाएवढा काळपट डाग दिसला. बोटाने दाबून सोडलं तरी रंग हलेना, आणि तिथली कातडी हाताला गरम लागत होती. घरी येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाबून पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. आजच एअर बेड आणा." सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून नुसतं बघू नका, हात लावून बघा, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

संध्याकाळी सर्जिकलच्या दुकानातून फुग्यांची गादी आणली, पंपासकट अडीच हजारांना. काही फुगे फुगतात तेव्हा त्यांच्या शेजारचे बसतात आणि काही मिनिटांनी उलट होतं. त्यामुळे सगळा भार एकाच जागी राहत नाही, दबलेल्या कातडीला रक्त मिळतं. ही गादी कॉटच्या नेहमीच्या गादीवर अंथरायची. पहिल्या रात्री आत्या घाबरल्या. "खालून कुणीतरी ढकलतंय गं," म्हणत होत्या. मी त्यांचा उजवा हात गादीवर ठेवून फुगा वर येताना दाखवला, तेव्हा कुठे शांत झाल्या. पंप कॉटच्या लोखंडी पट्टीला अडकवला की घरघर करतो. मध्ये जुना टॉवेल घडी करून घातल्यावर आवाज खूप कमी झाला.

पंपावर हवा कमीजास्त करायचं बटण असतं. दुकानात कुणी त्याबद्दल काही सांगितलं नाही. आम्ही पहिला आठवडा ते पूर्ण फिरवून ठेवलं होतं, गादी दगडासारखी झाली होती. खरी पद्धत सिस्टरनी दाखवली: आत्यांच्या कंबरेखाली, पण एअर बेडच्या खालून, तळहात वर करून हात सारायचा. हाताच्या आणि अंगाच्या मध्ये साधारण इंचभर हवेची जाडी लागली पाहिजे. हाड थेट हाताला टेकलं, तर हवा कमी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही गादी आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. आम्हाला वाटलं होतं सुटेल. तीन आठवड्यांत डाग फिका पडला आणि आम्ही सैल पडलो. दिवाळीत पाहुण्यांशी बोलता यावं म्हणून आत्यांना तीन-चार तास डोक्याकडची बाजू उंच करून बसवलं. अंग हळूहळू पायाकडे घसरत होतं, कातडी मागे ओढली जात होती, आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. रात्री डायपर बदलताना बघते तर माकडहाडावरची कातडी सोललेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. ती जखम भरायला दीड महिना गेला. रोज ड्रेसिंग, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जेवणात डाळ, अंडं, दही वाढवलं.

तेव्हापासून उशाशी वही आहे. दर दोन तासांनी डावी, उतानी, उजवी. वेळ लिहायची आणि पुढे सही. दिवसा ब्युरोच्या मावशी आणि मी, रात्री बारा आणि दोनला हे, चारला मी. जेवणाव्यतिरिक्त डोक्याकडची बाजू 30 अंशांच्या वर नेत नाही. टाचांना गादीचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवतो. शेजारच्या काकूंनी मायेने रबरी रिंग आणून दिली होती, ती सिस्टरनी काढायला लावली. कडेने दाब पडून मधल्या भागाला रक्त कमी मिळतं. काळवंडलेली जागा चोळायचीही नाही.

गैरसोयी आहेतच. प्लास्टिकमुळे उन्हाळ्यात पाठ घामाने भिजायची, एप्रिलमध्ये दिवसातून तीनदा चादर बदलली. एकच सुती चादर, तीही सैल. ताणून खोचली किंवा वर जाड गोधडी टाकली तर फुग्यांचा उपयोग राहत नाही. कडेला बसवून व्यायाम घेताना गादी दबते, फिजिओ आले की दोघांनी धरावं लागतं. लाइट गेली की हळूहळू हवा उतरते. पंपाला वीज अगदी कमी लागते, त्यामुळे तो घरच्या इन्व्हर्टरवर घेतला. त्याआधी नळ्या दुमडून रबरबँड लावायचो, तेवढ्यावर तासभर निघायचा. मावशींच्या बांगडीने एक फुगा फाटला, सोबत आलेल्या ठिगळाने तो चिकटला. आता कॉटजवळ सेफ्टीपिनसुद्धा येऊ देत नाही.

घ्यायची असेल तर दुकानातच पंप लावून अर्धा तास चालू ठेवायला सांगा आणि फुगे खरंच आळीपाळीने वरखाली होतात का ते बघा. आमच्या मावसनणंदेच्या घरी आडव्या नळ्यांची महाग गादी आहे, तिची जाडी जास्त असते. माणूस वजनदार असेल, किंवा जखम आधीच झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारून तीच घ्या. आत्या 46 किलोच्या, त्यांना फुग्यांची पुरली.

जखमेच्या जागी आता गुलाबी, पातळ कातडी आली आहे. रोज सकाळी अंग पुसताना मी तिच्यावर हाताची मागची बाजू ठेवून बघते. आत्या विचारतात, "गार आहे ना?"