नवतप्यापासून उजळ दारांपर्यंत : पाच नव्या कादंबऱ्या

किम स्टॅनली रॉबिन्सन यांच्या ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’चं (2020) निदान पहिलं प्रकरण तरी नागपूरकराने वाचायलाच हवं, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, वाचलं तर ते जास्त भिनतं. उत्तर प्रदेशातलं गाव, उष्णतेची लाट, वीज गेलेली. दवाखान्यातला एसी आणि जनरेटर बंदूक दाखवून पळवला जातो. रात्री लोक तळ्यात उतरतात, तर तळ्याचं पाणीच अंगापेक्षा गरम. हे प्रकरण एका आकड्यावर उभं आहे : वेट बल्ब तापमान 35 अंश. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की जो आकडा दिसतो, तो हा. तो 35 ला पोचला की घामाने अंग गार होणं थांबतं, आणि सावलीत बसून पाणी पिणारा धडधाकट माणूसही काही तासांत दगावतो. 2022 मधल्या प्रयोगांत तर दमट हवेत तरुण, निरोगी माणसांचीही मर्यादा 31 च्या आसपासच आढळली.

आपल्याला हे समजायला जड जात नाही, कारण घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. मे महिन्यात 45 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब साधारण 24 येतं, म्हणून ताट्या भिजल्या की खोली गार होते. जूनमध्ये पारा उतरतो, पण हवेत ओल चढते आणि तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. कूलरची हवा वेट बल्बच्या खाली जाऊच शकत नाही. रॉबिन्सन यांनी धोका नुसत्या पाऱ्यात न दाखवता उष्णता आणि ओल यांच्या जोडीत दाखवला, हे अगदी अचूक आहे.

पुढे मात्र पुस्तक दमवतं. एकूण 106 प्रकरणं. त्यांत बैठकांची टिपणं आहेत, फोटॉन आणि कार्बनचा अणू स्वतः बोलतात अशीही प्रकरणं आहेत. ऊन परतवायला भारत वातावरणाच्या वरच्या थरात सल्फर डायऑक्साइड सोडतो, तो भाग भक्कम, कारण 1991 च्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने पृथ्वी तात्पुरती सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाली होती, हा आधार खरा आहे. पण रोखलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणाऱ्या ‘कार्बन कॉइन’ला मध्यवर्ती बँका एकदा राजी झाल्या की एकेक प्रश्न फार सहज सुटत जातो. पात्रंही पातळ आहेत. अडकलात तर झुरिचमधल्या ‘मिनिस्ट्री’ची प्रमुख मेरी मर्फी आणि लाटेतून वाचलेला फ्रँक, एवढ्याच दोघांचा धागा धरून पुढे जा. बाकीचं नंतर वाचता येतं.

अशा विज्ञान-अद्भुत कादंबऱ्या पारखायची माझी कसोटी एकच आहे. लेखकाने एक अशक्य गोष्ट गृहीत धरावी, पण तिचा नियम शेवटपर्यंत पाळावा आणि त्याची किंमत पात्रांना मोजायला लावावी.

या कसोटीवर अँडी वीअर यांची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (2021) सगळ्यात चोख उतरते. अशक्य गोष्ट : सूर्याची ऊर्जा खाणारा ‘अ‍ॅस्ट्रोफेज’ नावाचा सूक्ष्मजीव. प्रजननाला कार्बन डायऑक्साइड लागतो म्हणून तो शुक्राकडे जातो, आणि सूर्य मंदावत जातो. तोच जीव यानाचं इंधनही होतो. बाकी जवळपास सगळं त्यातूनच निघतं. उपाय शोधायला यान निघतं; 12 प्रकाशवर्षांवरच्या टाउ सेटी ताऱ्याला पोचायला पृथ्वीवर 13 वर्षं जातात, यानात जेमतेम 4. सापेक्षतेचा हा हिशेब बरोबर आहे. तिथे भेटणाऱ्या परग्रहावरच्या जीवाचं वातावरण अमोनियाचं, दाब पृथ्वीच्या 29 पट, तापमान 210 अंश. त्याला दृष्टी नाही, त्याची भाषा सुरांची. त्यामुळे ऑडिओबुक घेतलं तर हे सूर खरोखर ऐकू येतात आणि पुस्तकाचा तो भाग जास्त उमगतो. खटकतं ते नायकाचं विस्मरण : प्रत्येक आठवण कथानकाला हवी तेव्हाच परत येते. संवादही शाळकरी वळणाचे आहेत. पण इंग्रजी सोपं आहे. इंग्रजी कादंबरीची सवय नसलेल्याने सुरुवात इथूनच करावी.

वज्र चंद्रशेखर या श्रीलंकन लेखकाची ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ (2023) ही पाचांतली सर्वांत मोठ्या ताकदीची. तिला विज्ञान-अद्भुत साहित्याचा नेब्युला पुरस्कारही मिळाला. जन्मताच आई मुलाची सावली खिळा ठोकून उपटून काढते आणि त्याला बापाचा वध करायला वाढवते. बाप म्हणजे ‘परिपूर्ण आणि दयाळू’ म्हणवला जाणारा धर्मसंस्थापक. ही गौतम बुद्धांचा मुलगा राहुल याच्या कथेची उलटी मांडणी आहे. आई शिकवते ते पाच अक्षम्य अपराधही बौद्ध परंपरेतल्या पाच घोर कर्मांवर बेतलेले आहेत. दीक्षाभूमीच्या शहरात राहुलाची कथा परकी नाही, म्हणून इथल्या वाचकाला हे संदर्भ टिपांशिवाय कळतील. मात्र त्याने एक भान ठेवावं : लेखकाचा रोख श्रीलंकेत धर्म राज्यसत्तेला जोडला गेला आणि त्यातून दंगली, छावण्या, वंशांची वर्गवारी आली, त्यावर आहे. 1956 च्या धम्मक्रांतीचा धम्म समतेचा. तो या कादंबरीचा विषय नाही. दोन्ही एकच समजून वाचलं तर पुस्तक विनाकारण मन दुखावेल.

नियमांच्या बाबतीत मात्र ती वीअरच्या विरुद्ध टोकाला आहे. बराच काळ बंद राहिलेलं दार ‘उजळ दार’ बनतं, त्याला दुसरी बाजूच उरत नाही. हे का होतं याचं यंत्रासारखं उत्तर मिळत नाही. पण किंमत पानोपानी मोजली जाते, त्यामुळे माझ्या लेखी ती टिकते. छावणीतला मधला भाग संथ आहे. तो गाळू नका. कथा कोण सांगतंय, हे कोडं शेवटी सुटतं तेव्हा तो लागतो.

रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची ‘द टेंटेड कप’ (2024, ह्यूगो पुरस्कार 2025) ही अद्भुत जगातली खुनाची कथा. पावसाळ्यात समुद्रातून महाकाय प्राणी येतात, साम्राज्य तटबंदीच्या जोरावर जगतं, आणि एका अधिकाऱ्याच्या देहातून झाड उगवतं. तपास करणारा डिन शरीरात बदल करून घेतल्यामुळे काहीच विसरत नाही, पण आठवण जागी करायला त्याला वासाच्या कुप्या लागतात. शरीरात असे बदल करून घेणाऱ्यांना त्याची झळ सोसावी लागते. सगळे दुवे वाचकासमोर आधीच ठेवलेले आहेत, फसवणूक नाही. हुद्द्यांची नावं पहिली 50 पानं गोंधळात टाकतात; कागदावर लिहून ठेवावीत.

लावण्या लक्ष्मीनारायण यांची ‘द टेन पर्सेंट थीफ’ बंगळूरच्या भविष्यातली. उत्पादकतेच्या आलेखावर माणसांची विभागणी, तळातल्या 10 टक्क्यांना विजेच्या भिंतीबाहेर काढणं. एक नायक शोधू नका, ती गुंफलेल्या कथांची माळ आहे. काही कथा कच्च्या आहेत, पण बी चोरून आणून झाड लावण्याची पहिली कथा सुटी वाचली तरी पुरेल.